सत्काराआधी गोळी

भांडुपच्या त्या सोसायटीत कॅरमच्या फायनलची वेळ काशीरामने स्वतः मागून घेतली होती. गोळी चढली की काही वेळ त्याचा हात त्याचा असायचा, उतरली की पुन्हा कंपवाताचा. डॉक्टरांनी समजावलेलं हे गणित त्याने घराबाहेर एकाच माणसाला सांगितलं होतं, मार्तंडला. मार्तंड सोसायटीचा सेक्रेटरी, जुना दोस्त आणि आज समोर बसणारा खेळाडू. आता दोस्ताला नाही सांगायचं तर कोणाला?

काशीराम गोळी घेऊन वेळेवर आला. मांडीवर नुसता ठेवलेला उजवा हात किंचित थरथरत होता. स्ट्रायकरमागे बोट लावलं की थांबत होता. सरावाला मारलेल्या सोंगट्या सरळ भोकात गेल्या. मार्तंडला त्याने आजवर कधी हरवलं नव्हतं. गोळ्यांचा जोर दिवसेंदिवस कमी पडत होता, त्यामुळे पुढच्या वर्षाची गोष्टच नको.

तेवढ्यात मार्तंडने माईक हातात घेतला. खेळाआधी एका लढवय्याचा छोटासा सत्कार करायचा आहे, म्हणाला.

शाल आली, नारळ आला. चेअरमन बोलले, महिला मंडळ बोललं. बी विंगमधले दातांचे डॉक्टर मेंदूविषयी सविस्तर बोलले. मार्तंडने स्वतःच्या हाताने पेढा भरवला आणि मग मानपत्र वाचायला घेतलं, तेही सावकाश. काशीरामने हळूच विचारलं, आता खेळूया का?

"अरे, तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं," मार्तंड म्हणाला.

काशीरामच्या मांडीवरचा नारळ हलू लागला. आधी थोडा, मग शालीसकट. पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळ्याला पदर लावले. काशीरामने बायकोकडे पाहिलं.

"मालन, गोळी आण गो."

मालन धावत घरी गेली, धावत आली. गोळी गिळून झाली, पण पोटात पेढा होता आणि ती चढायला वेळ लागणार होता. थोडं थांबूया, असं तिने मार्तंडला विनवलं. लोक ताटकळलेत वहिनी, असं म्हणून त्याने बोर्डावर पावडर टाकली.

खेळ कसला, तमाशाच झाला. काशीरामचं बोट ताठरलं होतं. स्ट्रायकर कधी जागचा हलेना, कधी भलतीकडेच जाई. प्रत्येक चुकीला लोक टाळ्या वाजवत होते, त्याला धीर यावा म्हणून. मार्तंड मात्र एकेक सोंगटी शांतपणे घेत गेला. राणीसुद्धा त्याने न बघता घेतली.

करंडक काशीरामच्या हस्ते द्यायचा, हेही आधीच ठरलेलं होतं. खुर्च्या सरकल्या, फोटोवाल्याने दोघांना जवळ उभं केलं. काशीरामने करंडक उचलला आणि त्याचं स्वतःच्याच हाताकडे लक्ष गेलं. गोळी चढली होती. त्याने करंडक मार्तंडकडे दिला, मोकळा झालेला हात खाली सोडला, तरी तो हलला नाही.

मार्तंडनेही ते पाहिलं. त्याने माईक तोंडाजवळ धरला.

"बघा, आपल्या प्रेमाने माणसाला कसा आराम पडतो," तो म्हणाला, आणि सगळी सोसायटी उभी राहून टाळ्या वाजवू लागली.