पेरणीआधीचं गाऱ्हाणं

गणपती गावकर देवासमोर उभा राहिला आणि अणशीच्या देवळातली कुजबुज थांबली. पेरणीआधीचं गाऱ्हाणं गावाच्या वतीनं तोच घालत आला होता. पाऊस, पीक, गुरं. आणि शेवटी दर वर्षी एकच मागणं : घाटाखाली कैगात नवी अणुभट्टी होऊ नये.

यंदा सरकारनं दोन नव्या भट्ट्यांचं काम हाती घेतलं होतं. आणि गणपतीची लेक पूर्णिमा, इंजिनिअर होऊन, सोमवारी तिथंच रुजू होणार होती. पोलादी पाइपांचे जोड तपासायचं काम. ती पायरीवर बायकांत उभी होती.

"मामा, आज जपून," नारळ फोडायला बसलेला वासू म्हणाला. "देवानं ऐकलं तर पोरीची नोकरी जातीया. मागणं गाळलंत तर गाव तुमास्नी सोडायचं न्हाई."

हशा पिकला. पूर्णिमा हसली नाही.

गणपतीनं पाऊस मागितला. "व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. पीक मागितलं, गुरांना सुख मागितलं. मग तो शेवटच्या मागण्यावर आला.

"बा देवा, त्या भट्ट्या आमाला नको हुत्या. आजबी नको. गावाचं म्हणणं हाय तसंच हाय."

 सगळ्यांच्या नजरा पायरीकडं वळल्या.

"व्हय म्हाराजा," पूर्णिमा म्हणाली. एकटीच.

गणपतीनं मागं पाहिलं नाही. आवाज मात्र चढला.

"पर सरकारनं ठरवलंय, त्या हुनार. तर तिथं माझी लेक पूर्णिमा जातीया, गावाची पोर म्हणून. जोड कच्चा दिसला तर कच्चा म्हणायची ताकद दे तिला. समोर सायेब असू दे, न्हाई तर मंत्री."

या गाऱ्हाण्यात आजवर घरच्या कर्त्या पुरुषांचीच नावं घेतली जात. म्हातारे एकमेकांकडं बघू लागले. मग देऊळभर आवाज उठला, "व्हय म्हाराजा!"

वासूनं नारळ फोडला. नारळाची मानाची वाटी गावकराची, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याची. वासूनं ती गणपतीपुढं केली. गणपतीनं हात हलवला नाही, नुसतं पायरीकडं बघितलं.

वासू उठून पायरीपर्यंत गेला. पूर्णिमानं एक हात पुढं केला.

"दोनी हातांनी धर, बाय," तो म्हणाला. "जड असतीया."