पहिले ताव

"मग करू सही?" मालकीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि रद्दीकाकांकडे पाहिलं.

छापखान्याच्या ऑफिसात काकांचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. कुठल्याही नव्या वस्तूची पहिली खेप घ्यायची नाही, हे या फोरमनचं ब्रीद. मशीन सुरू झालं की पहिले ताव फिके निघतात, शाईचे डाग पडतात, रंग रंगावर बसत नाही. ते ताव काका बाजूला काढायचे. मालकांनी डोळे वटारले तरी त्यातला एक ताव कधी गिऱ्हाइकाकडे गेला नाही. संध्याकाळी मालकांना विचारून त्या तावांचीच गुंडाळी काखेत मारायची आणि घरची वाट धरायची. वाटेत रद्दीवाल्याला विकत असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं आणि नाव पडलं रद्दीकाका. काकांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

आज प्रश्न कॉम्प्युटरचा होता. पानं लावायच्या खोलीतले जुने कॉम्प्युटर धापा टाकत होते आणि शाळांच्या पुस्तकांचं काम डोक्यावर आलं होतं. त्यात चुका झाल्या तर छापखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हातचं जाणार होतं. समोर बसलेला विक्रेता चकचकीत माहितीपत्रकाची पानं उलटत होता. नव्या घडणीचा प्रोसेसर, म्हणाला. अशा प्रोसेसरवर निघालेले हे पहिलेच कॉम्प्युटर, म्हणाला. 'पहिलेच' हा शब्द कानावर पडला की काका एरवी खुर्ची सरकवून उठायचे.

"करा सही," काका म्हणाले.

दारात उभ्या मशीनमनचा चहा बशीत सांडला.

"काका, तब्येत बरी आहे ना?" मालकीणबाईंनी विचारलं.

"अहो, तो प्रोसेसर माझ्या लेकीच्या कंपनीचा आहे. करणाऱ्यांत ती आहे."

ही बातमी एव्हाना छापखान्याच्या भिंतींनाही पाठ झाली होती. दिसेल त्याला काका ती ऐकवत. पंखा दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा त्यातून सुटला नव्हता. पण या बातमीपायी काका आपलं ब्रीद मोडतील, असं कुणाला वाटलं नव्हतं. शेवटी आपला तो बाब्या, दुसरं काय! काकांना मात्र त्याची जराही खंत नव्हती. लेकीच्या हातचं काम आपल्या छापखान्यात येणार, या कल्पनेनंच त्यांची छाती फुगली होती.

"थांबा, तिलाच सांगतो," ते म्हणाले. त्यांनी फोन लावला, आवाज मोठा केला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. सगळ्यांनी ऐकायला हवं होतं.

"अगं, तुमचे ते नवे कॉम्प्युटर घेतोय आम्ही! सगळ्या खोलीला!"

पलीकडून लेकीनं घाईनं विचारलं,

"बाबा, सही झाली का?"

"होतेच आहे."

"मग थांबवा. यंदा घेऊ नका."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. विक्रेता फोनकडे असा बघू लागला, जणू त्यानंच दगा दिला होता.

"अगं, पण तूच केलंयस ना ते?"

"म्हणून तर सांगतेय. काम चांगलंच झालंय, बाबा, मला अभिमान आहे त्याचा. पण घडण नवी आहे. जुने प्रोग्राम त्यावर सरळ चालत नाहीत, मध्ये दुभाष्या ठेवल्यासारखं करावं लागतं. तुमचा पानं लावायचा प्रोग्राम तर माझ्या शाळेपासूनचा. ओळी सरकतील, चित्रं हलतील, आणि ते कळेल पुस्तकं छापून झाल्यावर. जुन्यांचीच डागडुजी करून हंगाम काढा. पुढची खेप आली की घ्या म्हणून मीच सांगेन."

"अगं, पण..."

"बाबा, पहिले ताव गिऱ्हाइकाला द्यायचे नसतात. कुणी शिकवलं मला? हा आमचा पहिला ताव आहे."

फोन बंद झाला. मालकीणबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"काका, लेकीनं घरचा आहेर दिला की!" मशीनमन म्हणाला आणि हसू दाबायला बशीतला चहा प्यायला.

काकांनी फोन खिशात टाकला. आधी त्यांना चारचौघांत नाक कापल्यासारखं झालं. मग हळूहळू दुसरंच काही वर येऊ लागलं. आपलाच माल, आपल्याच बापाला, भर ऑफिसात 'घेऊ नका' म्हणून सांगायला काळीज लागतं. आपण घसरलो होतो आणि पोर जागची हलली नव्हती. कधी नव्हे इतका तिचा अभिमान त्यांना आत्ता वाटला. चष्मा पुसायचं निमित्त करून त्यांनी डोळे पुसले.

विक्रेता मुकाट्यानं माहितीपत्रकं बॅगेत भरू लागला.

"थांबा हो," काका म्हणाले. "एक कॉम्प्युटर द्या. छापखान्याला नको, माझ्या नावावर."

"काका!" मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "आत्ताच ती नको म्हणाली ना? जन्मभर पहिले ताव रद्दीत घातलेत, आणि आता विकत घेताय?"

"रद्दीत कुठे घातले, बाई? एकसुद्धा नाही," काका म्हणाले. "पाठकोरे असायचे, म्हणून घरी न्यायचो. तिची सगळी गणितं त्यांवरच झालीत."