भिंतीला ओल

एक करंगळी, आत वळलेली, दाराच्या कडीसारखी.

टाचण्यांचा डबा. झाकण घट्ट बसलेलं.

एका टोकाच्या भिंतीला ओल.

दोन शास्त्रज्ञ, एकेकाळी एकाच डब्यातून जेवणारे. शोधनिबंधावर कोणाचं नाव आधी, यावरून बिनसलं. तेव्हापासून एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

"चहा आज जरा उशिराच आणा."

हे सगळं एकाच वेळी जिच्या डोक्यात चाललं होतं, तिला कार्यालयात कुलूप म्हणत. पाठीमागे म्हणत, आणि तिला ते माहीत होतं. जनुकांवरच्या संशोधनाला अनुदान देणारा एक कार्यक्रम ती सांभाळायची. सगळ्या प्रयोगशाळांचे अहवाल तिच्याकडे येत, आणि एकीच्या अहवालातलं एक अक्षरही दुसरीच्या कानावर जाता कामा नये, हा तिच्या नोकरीचा पहिला नियम. तो तिलाही पटलेला होता. आपण एकदा तोंड उघडलं, की पुढच्या वर्षी कोणी खरं लिहिणार नाही.

म्हणूनच गेले काही दिवस ती दोनच अहवाल पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. डॉक्टरबाईंच्या अहवालात एका जनुकाचं नाव पहिल्याच ओळीत होतं. त्यातल्या बिघाडामुळे एका मुलीला आजार झाला असावा. पण तसंच दुसरं मूल सापडल्याशिवाय ते सिद्ध होत नव्हतं. तेच जनुक दाढीवाल्या डॉक्टरांच्या अहवालातही होतं. अगदी शेवटी, 'अर्थ लागत नाही' या सदरात, कुठल्याशा मुलाच्या क्रमांकापुढे.

आणि आज दुपारी समिती डॉक्टरबाईंचं काम बंद करणार होती. एकुलत्या एका रुग्णासाठी किती दिवस वाट बघायची, असं समितीचं म्हणणं होतं.

वार्षिक बैठक होती. सभागृहाच्या भिंतींवर प्रत्येकाच्या कामाची पोस्टरं लागली होती.

"यांना माझ्या शेजारी कशाला आणलंत?" डॉक्टरबाईंनी कुलूपला विचारलं.

"त्या टोकाच्या भिंतीला ओल आलीय. शाई पसरली असती."

"मग बाहेर लावा."

"बाहेर जेवणाची टेबलं आहेत."

डॉक्टरबाईंनी नाक मुरडलं. दाढीवाले छताकडे बघत होते. दोघं आपापल्या पोस्टरपुढे उभे, एकमेकांकडे पाठ करून, भांडलेल्या जावांसारखे. दोन पोस्टरांमध्ये वीतभर जागा.

तेवढ्यात डॉक्टरबाईंच्या अहवालातल्या त्या मुलीची आई आली. पालकांच्या वतीने ती दुपारी चार शब्द बोलणार होती, आणि सकाळपासून तेच चार शब्द ओठांतल्या ओठांत घोळवत होती.

"चहाला वेळ आहे," कुलूप तिला म्हणाली. "तोवर पोस्टरं बघा ना."

"मला काय कळतंय त्यातलं."

"चित्रं असतात."

आईने डॉक्टरबाईंचं पोस्टर पाहिलं. लेकीच्या हातांचा फोटो ओळखून जराशी हसली. मग वीतभर पुढे सरकली आणि थबकली.

"अहो, आमच्या चिऊचे हात यांच्याकडे कसे?" ती डॉक्टरबाईंकडे वळली. "फोटो तुम्ही दिलात?"

"मी? यांना मी किती वाजले तेसुद्धा सांगत नाही."

दाढीवाल्यांनी घसा साफ केला. "ताई, हा माझ्याकडचा मुलगा आहे. पार लांब राहतो."

"या करंगळ्या मी रोज धुते, डॉक्टर. नखं मी कापते. मला नका सांगू."

ती फोटोपाशी वाकली. चिऊच्या अंगठ्याच्या मुळाशी तीळ होता. इथे नव्हता. तिने दुसऱ्या हातावरही शोधला. तिथेही नव्हता.

"म्हणजे अजून कोणीतरी आहे," ती म्हणाली.

तिने मान वर करून दाढीवाल्यांना विचारलं, "त्याला शर्टाची बटणं लावता येतात?"

"येतात. त्याच्या आईने काहीतरी युक्ती काढलीय."

"कसली युक्ती?"

"ते मी विचारलं नाही," दाढीवाले ओशाळून म्हणाले.

"मग विचारा ना. आमची अजून माझ्यापुढे शर्टाचा गळा धरून उभी राहते."

एव्हाना डॉक्टरबाई परक्या पोस्टरवर जवळजवळ नाक टेकवून उभ्या होत्या. बोट तक्त्यावरून खाली खाली सरकत शेवटच्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं.

"हे इतकं खाली का लिहिलंस?"

"अर्थ लागत नव्हता."

"गाढव आहेस."

दाढीवाल्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि डॉक्टरबाईंचं पोस्टर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. फार खाली जावं लागलं नाही.

"दुपारी समितीपुढे माझ्याबरोबर उभा राहशील?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"राहीन. पण नाव कोणाचं आधी?"

"ते भांडण चहानंतर."

आई दोघांच्या मधे शिरली होती. एक तळवा या फोटोवर, दुसरा त्या फोटोवर ठेवून ती उभी होती. दुपारचे चार शब्द ती साफ विसरून गेली होती.

चहावाला दारातून डोकावला. "बाई, आता आणू का?"

"थांबा अजून जरा," कुलूप म्हणाली आणि तिने टाचण्यांच्या डब्याचं झाकण लावलं.

सभागृहाच्या चारही भिंती कोरड्या होत्या.