चार हातांचं दुकान

“रिपोर्ट चांगले आहेत,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि म्हाताऱ्या बाइंडरचं तोंड उतरलं.

शेजारी बसलेल्या सुनेचा मात्र जीव भांड्यात पडला. गेले काही दिवस तिला घास गोड लागत नव्हता. पुस्तकबांधणीचं दुकान सासरा आणि सून या दोघांच्या चार हातांवर चालायचं. नवरा बोटीवर, कधीमधी घरी येणार. त्या चारांतले दोन हात गेले तर दुकानाला कुलूपच लागायचं.

“ऐकलंत ना, बाबा? उगाच घाबरलो आपण.” फाइल तिने दोन्ही कोपरांत कवटाळून धरली होती.

सकाळी निघताना बाबा म्हणाले होते, “तूही दाखवून घे. एका फेरीत दोन कामं होतील.” “मला काय धाड भरलीय?” म्हणत तिने विषय उडवून लावला होता. तिचं नेहमीचं उत्तर.

म्हातारा काही खूश होईना. “पण मी मागे सांगितलं त्याचं काय? सकाळी तासभर मूठ वळत नाही. दोन्ही हातांची. बोटांच्या मुळाशी सूज, मनगटं गरम.”

डॉक्टरबाईंनी त्याचे हात टेबलावर घेऊन बोटांची टोकं दाबली. “तुमचे हात वेगळंच सांगताहेत, आजोबा. या गाठी झिजेच्या. जन्मभर सुया ओढल्यात, सांध्यांतली गादी झिजली. काम फार झालं की ठणकतं, विसावा घेतला की उतरतं. खरं ना?”

“ते आहेच,” शेजाऱ्याच्या दुखण्याबद्दल बोलावं तसं तो म्हणाला.

“आणि तुम्ही सांगताय तो आमवात. त्यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. तुमच्यात त्याचा मागमूस नाही. ना सूज, ना रक्तात काही. पायाचा अंगठाही कधी सुजला नाही, म्हणजे युरिक ॲसिडचंही दुखणं नाही.”

“हट्टी आहेत हो,” सून हसली. “हल्ली सकाळी सगळ्या सुयांत दोरा स्वतःच ओवून ठेवतात. खळीची बरणीसुद्धा उघडून ठेवतात. मी हात लावायला गेले की खेकसतात.”

डॉक्टरबाईंनी मान वर केली. “मूठ वळत नसताना सुईत दोरा?”

म्हातारा छताच्या पंख्याकडे बघत राहिला.

सुनेने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. ती काही बोलायच्या आत त्याने बाटली घेतली, झाकण फिरवून उघडलं आणि परत दिली. बाटली दोन तळव्यांत धरून ती पाणी प्यायली.

“समजा, आमवातच असता,” तो म्हणाला. “हात कामातून गेले असते?”

सुनेने बाटली खाली ठेवली.

“पूर्वी जायचे. आता औषधं चांगली आहेत. बोटं वाकायच्या आत माणूस आला, तर बहुतेक वेळा काम सोडावं लागत नाही. लपवत बसणाऱ्यांचंच नुकसान होतं.”

“वाकलेली नाहीत अजून,” तो घाईने म्हणाला.

“कशी वाकतील? तुम्हाला तो नाहीच, आजोबा!”

म्हाताऱ्याने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच हसला. मग उठला, सुनेच्या कवेतली फाइल हळूच काढून घेतली आणि तिला आपल्या खुर्चीत बसवलं. ती नको नको म्हणत होती, पण डोळे भरून आले होते. त्याने तिचे दोन्ही सुजलेले हात अलगद उचलून टेबलावर ठेवले.

“मी सांगत होतो ते हात हे, डॉक्टर. बघा, बोटं अजून सरळ आहेत.”