ओळखीचा माणूस

गडचिरोलीच्या बसस्टँडसमोर आफ्रीनबाईंच्या टायपिंग सेंटरात पवन आयुष्यातला पहिला बायोडाटा करवून घेत होता. वडिलांचं नाव ‘लच्छू’ टाइप झालं होतं. तेवढ्यात मोहफुलांचं पोतं बाजारात विकून लच्छूच अनवाणी दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर कुऱ्हाड, अंगाला मोहाचा वास. रांगेतली शहरी पोरं हसली. “हे कोण?” बाईंनी विचारलं. “गावातला मानूस आहे,” पवन चटकन बोलून गेला. “बरं झालं. ओळख देणारा माणूस लिहावा लागते, नातेवाईक चालत नाई. भाऊ, याले ओळखता का?” “लहानपणापासून वळखतो जी. मेहनती पोरगा आहे.” “नाव सांगा तुमचं.” लच्छूनं पोराकडे पाहिलं. पवनची मान खाली गेली. ‘हा माझा बाप आहे’ एवढं म्हणायला वेळ होता, पण तो खिशातले सुटे पैसे मोजू लागला. लच्छूनं हळूच शेजाऱ्याचं नाव सांगितलं आणि टाइपरायटर खडखडू लागला.