लांबचा बर्फ

“मॅडम, तुम्ही त्या बर्फावर कधी पाय तरी ठेवलाय का?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून श्रावस्तीनं ढोकीच्या शाळेत, दहावीच्या भरल्या वर्गात विचारून टाकलं. मागच्या बाकावर पैज लावणारी सोनाली तोंडात ओढणी कोंबून हसायला लागली.

उपग्रहाच्या चित्रांवरून उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातला बर्फ ओळखणाऱ्या पाहुण्या मॅडमही हसल्या. “कधीच नाही गं! उपग्रह रडारची उभी, म्हणजे वर-खाली हलणारी लहर खाली सोडतो. नव्या, सपाट बर्फावरून ती बहुतेक उभीच परत येते. जुना, खडबडीत बर्फ मात्र वाऱ्यानं ऊस पाडावा तशी त्यातली थोडी आडवी करून पाठवतो. त्यावरून, जुना टणक बर्फ टाळून जहाजानं कुठून जायचं, ते मी खुर्चीत बसून सांगते.”

श्रावस्ती घरापर्यंत पळतच आली. सायन्सचं नाव काढलं की पप्पा म्हणायचे, “पोरीला लांब पाठवायचं न्हाय,” आणि आई मान डोलवायची. आज तिनं दोघांनाही समोर बसवलं.

“ठरलं माझं. मी सायन्स घेणार, आणि पुढं उत्तर ध्रुवावरचा बर्फ शिकणार.”

“अगं बया, ते तर लई लांब!” आई घाबरलीच.

“लांब उपग्रह जाईल, आई. मी धाराशिवच्या कॉलेजला जाणार, सकाळच्या एस्टीनं. आणि संध्याकाळी घरी!”