सागवानी खोकं

ऑर्केस्ट्रातल्या शेषेरावाच्या गिटारचा अँप्लिफायर जुना, व्हॉल्व्हचा. चांदपाशा मिस्त्रीनं आठ दिवस खपून त्याला नवं सागवानी खोकं केलं. एकाही सांध्यात सुईएवढी फट ठेवली नाही. शेषेरावानं चांदपाशाच्या अंगणातच अँप्लिफायर लावून जाड तार छेडली.

खोकं असं घुमलं की पायाखालची फरशी थरथरली, घरातली भांडी खणाणली. भूकंपाला तीनच वर्षं झाली होती. अख्खी गल्ली किंचाळत रस्त्यावर आली. चांदपाशाची बायको वहिदा मात्र अंगणातून घरात पळाली.

"अगं, भूकंप न्हाई! खोकं हाय ते, माझं खोकं!" चांदपाशा जिवाच्या आकांतानं ओरडत राहिला.

वहिदा धापा टाकत बाहेर आली. छातीशी एक रिकामं दुपटं घट्ट धरलेलं.

"बगा जी, ह्या बारीला आपल्या तान्ह्या उमैमाला सोडून न्हाई पळाले मी."